आस्मानी पलंग

मामा,

गेल्या चार दिवसांत तुमच्या पलंगाचा आस्मानी रंग काढला. तुम्हाला न विचारता. पंधरा वर्षं विचारत होतो, तेव्हा तुम्ही दर वेळी काहीतरी सांगून टाळलंत. आता विचारायची सोय उरली नाही, म्हणून सरळ स्पिरिटच्या डब्याचं झाकण उघडलं. रंग लावताना विचारलं नव्हतं आणि काढतानाही विचारलं नाही. जावई म्हणून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा वागलो, एवढं तरी मान्य करा.

तुमचा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. पाहुणे पांगले होते. किनवटच्या घरात मामी, सुनंदा आणि माधव ही तुमची दोन लेकरं, आणि मी एवढेच उरलो होतो. माधव मामींना नांदेडला आपल्या फ्लॅटवर नेणार हे ठरलं होतं. आवराआवर चालली होती. हे न्यायचं, हे द्यायचं, हे टाकायचं. पलंगापाशी आल्यावर माधव थांबला. जागोजाग टवके उडालेले, कडा काळ्या पडलेल्या, आणि रंग कसा, तर झेडपीच्या शाळेच्या खिडकीसारखा. म्हणाला, "हा कुठं नेता तिकडं? जुनं लाकूड घेणारा माणूस सांजच्याला यायलाय, त्याला देऊन टाकू."

मामी स्वयंपाकघरातून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "पलंग जाणार नसंल तर मी बी येत न्हाई. तुमी व्हा पुढं."

माधवनं माझ्याकडे पाहिलं. तुमच्या लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तुमच्या फोटोनंही पाहिलं असावं, पण तिकडे बघायची माझी छाती झाली नाही. पलंगाची ही दशा कुणी केली, हे त्या घरातल्या पालींनासुद्धा ठाऊक आहे. मी म्हणालो, "मला चार दिवस द्या. नाही जमलं तर त्या माणसाच्या गाडीत मी स्वतः चढवून देतो."

तुम्हाला माहीत असलेली गोष्ट आता तुम्हालाच सांगतो, कारण तुमच्यासमोर ती मी कधी धड सांगितलीच नाही.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. तुम्ही आम्हाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलंत. मी लातूरच्या कॉलेजात गणिताचा नवा मास्तर, आणि ज्याला गणित येतं त्याला बाकीचं आपोआप येतं अशी माझी समजूत. जावयानं सासरी लोडाला टेकून नुसतं खायचं, ही पद्धत मला मागासलेली वाटायची. आपण काहीतरी काम करून दाखवावं, सासऱ्यानं म्हणावं की हा जावई वेगळा आहे, असं मनात. तुम्ही पहाटेच माहूरला गेला होतात, रेणुकेला, आमच्या दोघांच्या नावानं. आणि ओसरीत हा पलंग होता. काळपट, तांबूस. मला तो मळलेला वाटला. कोपऱ्यात खिडकीच्या गजांना लावून उरलेला आस्मानी ऑइलपेंट होता, ब्रशही होता. माणसाचं नशीब फिरतं तेव्हा सगळं सामान हाताशी असतं.

मामी तेव्हा माझ्याशी थेट बोलत नसत. काही सांगायचं तर सुनंदामार्फत, आणि सुनंदा गेलेली मैत्रिणीकडे. मी ब्रश बुडवला तशा मामी दाराआडून खोकल्या. मी म्हटलं, चुलीचा धूर असेल. त्या आणखी जोरात खोकल्या. मग दाराच्या फटीतून चहाचा कप पुढं आला. तो मी घेतला. अर्ध्या तासानं दुसरा आला, मग तिसरा. त्या माउलीनं तीन चहा पाजून मला रोखायचा प्रयत्न केला, आणि मी, काय बडदास्त आहे जावयाची असं म्हणत, त्याच तीन चहांच्या जोरावर चारी पाय आणि दोन्ही फळ्या रंगवून मोकळा झालो.

तुम्ही दुपारी आलात. हातात पानात बांधलेला देवीचा विडा. ओसरीच्या पायरीवर तुमचा एक पाय वर, एक खाली, तसेच उभे राहिलात. मी ब्रश हातात घेऊन शाबासकीची वाट बघत होतो. तुम्ही पलंगाकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत, विडा माझ्या हातावर ठेवलात.

"घ्या जावईबापू, परसाद."

मग थोड्या वेळानं म्हणालात, "हात साफ हाय तुमचा."

मी फुगलो. म्हणालो, रंग उरलाय, दारही मारून टाकतो. तेव्हा तुमच्या आवाजात पहिल्यांदा घाई ऐकली. "न्हाई न्हाई, दार राहू द्या. दार... दारावर सावली हाय." दारावरच्या सावलीचा आणि रंगाचा काय संबंध, ते गणिताच्या मास्तरला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी तुम्ही सतरंजीवर झोपलात, पलंग ओला म्हणून. आणि पुढची अठरा वर्षं त्या निळ्यावर झोपलात.

खरं काय ते मला कळलं पुढच्या धोंड्याला, तीन वर्षांनी, माधवकडून. तो हसत हसत सांगत होता. "दाजी, दादांनी अख्ख्या तालुक्यातल्या पोरींच्या आंदणाच्या पलंगांला पॉलिश केलं. सोतासाठी जिंदगीत एकच केला. फारेष्टच्या लिलावातलं सागवान. महिनाभर रोज कामावरून आले की कापसाचा बोळा घेऊन बसायचे. थरावर थर, थरावर थर. तोंड दिसायचं त्याच्यात." आणि थांबून म्हणाला, "मंग तुमी आले."

मी काळपट तांबूस म्हणून ज्याला मळ समजलो, तो चपड्याचा, लाखेच्या पॉलिशचा रंग होता. महिनाभराच्या हाताचा रंग.

माधवनं असं काही केलं असतं तर? मला माहीत आहे काय झालं असतं. त्यानं एकदा तुमच्या चपड्याच्या बरणीत पाणी सांडलं, तेव्हा तुमचा आवाज स्टेशनापर्यंत गेला होता. गाढव, बैल, आणखी कायकाय. सुनंदालाही तुम्ही रागवायचात. पण मी जावई. जावयाला पाट, जावयाला पहिली वाढ, जावयाला चूक नसते. तुमच्या त्या अदबीच्या भिंतीपलीकडून मी अठरा वर्षं तुमच्याकडं बघत राहिलो मामा. लोकांना वाटतं सासऱ्यानं मान द्यावा. मला वाटायचं, या माणसानं मला एकदा, एकदाच, घरच्यासारखं झापावं.

त्याच दिवशी मी तुमच्यापुढं येऊन उभा राहिलो. म्हणालो, "मामा, पलंगाचा रंग काढून टाकू या." चुकलो, हा शब्द घशापर्यंत आणला होता. तुम्ही सुपारी कातरत होतात. वर न बघता म्हणालात, "कशाला? निळ्यावर डास बसत न्हाईत."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. याला भांडण म्हणायचं की नाही कोण जाणे, कारण आवाज एकदाही चढला नाही. दर दिवाळीला, दर धोंड्याला मी विचारायचो आणि तुमच्याकडं नवं कारण तयार असायचं. पावसाळ्यात म्हणायचात, हवा दमट हाय, पॉलिश पांढरं पडंल. उन्हाळ्यात म्हणायचात, स्पिरिट उडून जातंय. थंडीत म्हणायचात, हात चालंना. एका वर्षी तर म्हणालात, "औंदा सुनंदाच्या मायला निळा रंग आवडून राहिला." आतून मामींचा आवाज आला, "मला? म्या कवा म्हणले?" तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत आणि बाहेर निघून गेलात.

मी मनाशी ठरवलं, हा बाबा काढू देत नाही कारण माझ्या हातावर याचा भरवसा नाही. रास्त आहे. मग आपण आधी विद्या शिकू. लातूरला एक जुनं सागवानी टेबल घेतलं, त्यावर कुणाचंतरी जुनं पॉलिश. दुकानदाराला विचारलं, रंग काढायला काय देऊ. त्यानं विचारलं, कशावरचा. मी म्हटलं, कशावरचा का असेना, जोरदार द्या. त्यानं कॉस्टिक सोडा दिला. बादलीत कालवला, कुंचल्यानं फासला, आणि वर्गावर निघून गेलो.

संध्याकाळी आलो तर टेबल काळं. तव्यासारखं. माझ्या बोटांची सालं निघालेली, कारण हातमोजे घालायचं पुस्तकात नव्हतं आणि पुस्तकही मी वाचलं नव्हतं. सुनंदानं दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "दादांना फोन लावते. तुम्ही फक्त लांब उभं ऱ्हा, लाकडाला भ्या वाटायलंय."

तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीनं आलात. पिशवीत धोतर, कापूस, चपडा, पांढऱ्या भुकटीची पुडी. टेबलाभोवती एक फेरी मारलीत. मी श्वास रोखून उभा. आता तरी रागवतील. तुम्ही बोटानं टेबल खरवडलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "लाकूड चांगलं हाय. जरासं घाबरलंय."

त्या चार दिवसांत तुम्ही मला जे शिकवलंत ते मी दोन वर्षांच्या एमएस्सीत शिकलो नाही. काही लावायच्या आधी खाली काय आहे ते बघायचं. कापसावर थेंबभर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात टेकवायचं. चिकट झालं की चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळून लाकडावर आलेला असतो, तो स्पिरिटनंच पुन्हा सुटतो, त्याला खरवडायचं नाही, जाळायचं नाही. सोड्यानं काळं पडलेलं सागवान त्या पांढऱ्या भुकटीच्या पाण्यानं धुतलं की हळूहळू ताळ्यावर येतं. नक्षीच्या बेचक्यात कडुलिंबाच्या काडीला चिंधी गुंडाळून फिरवायची. आणि घासायचं ते लाकडाच्या रेघेनं. आडवं घासलं तर चरे पडतात, आणि ते चरे पॉलिशखाली लपत नाहीत, उलट ठळक होतात. तुम्ही माझं मनगट धरून रेघेनं फिरवून दाखवलंत. तेवढाच तुमचा हात माझ्या हाताला लागला, तोही जावईबापू म्हणत म्हणत.

शेवटच्या दिवशी पॉलिश केलं, आणि धूळ बसू नये म्हणून मी त्या ओल्या पॉलिशवर वर्तमानपत्र पांघरलं. कागद चिकटला. सोलून काढला तरी राशिभविष्य टेबलावर उलटं उमटलं. तुम्ही वाकून ते वाचायचा प्रयत्न केलात. "काय म्हणून राहिलं तुमचं भविष्य?" मी म्हटलं, उलटं आहे, कळत नाही. तुम्ही हसलात. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुम्हाला तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं. पुसू म्हणालो तर पुसू दिलं नाहीत. ते उलटं भविष्य अजून टेबलावर आहे, मी त्यावरच पेपर तपासतो.

पुढं मग आपल्याला बोलायला विषय झाला. त्याआधी आपण काय बोलायचो? "पाऊस हाय का लातूरला?" "नाही. किनवटला?" "हाय." झालं. आता फोन करून तुम्ही विचारायचात, ती खुर्ची कुठवर आली? बाजूच्या मास्तरच्या कपाटाचं काय झालं? मी दिवाळीला यायचो, त्या निळ्या पलंगावर बसून आपण दोघं चहा घ्यायचो, आणि चहा संपता संपता मी म्हणायचो, "मामा, आता तरी काढू या. आता मला येतं." तुम्ही पलंगाच्या कडेवरून तळवा फिरवायचात. "बघू जावईबापू. पुढल्या दिवाळीला."

आणि या साली दिवाळीआधीच नांदेडच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवावं लागलं.

दुपारची पाळी माझी असायची. सिस्टर सुई टोचायच्या आधी दंडाला स्पिरिटचा कापूस लावायची. पहिल्या दिवशी तुम्ही डोळे मिटलेले, तरी नाकपुड्या हलल्या. पुटपुटलात, "पाणी हाय याच्यात." सिस्टर म्हणाली, काय म्हणतात आजोबा? मी म्हटलं, तुमच्या स्पिरिटमध्ये पाणी आहे म्हणतात. ती बिचारी सांगायला लागली, दवाखान्यातलं तसंच असतं. तुम्ही मान हलवलीत. जन्मभर स्पिरिट हुंगलेल्या माणसाला ते पटलेलं नव्हतं.

तुमची कातडी फार कोरडी पडली होती. डॉक्टर म्हणाले, खोबरेल लावत जा. एका दुपारी माधव औषधं आणायला खाली गेला होता. मी तुमच्या हाताला तेल लावत होतो, तळवा कसाबसा इकडून तिकडे फिरवत होतो. तुमचे डोळे मिटलेले. आणि तुमचा आवाज आला, तो जुना, माधवसाठी राखलेला आवाज.

"आरं गाढवा, आडवं काय घासतूस? रेघेनं घास की."

मी म्हणालो, "हाव मामा." आणि खांद्यापासून मनगटापर्यंत, सरळ, रेघेनं तेल लावत राहिलो. ते सांगायची तीच वेळ होती. पलंगाचं. चुकलो, एवढा एक शब्द. शेवटी मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "पाणी देऊ का?"

त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

ते गाढव कुणासाठी होतं मामा? मला माधव समजून म्हणालात, की मला म्हणालात? प्रेत घरी आणताना गाडीत मी हाच विचार करत होतो. माणूस मेलाय आणि हा जावई शिवीवर आपला हक्क सांगतोय.

तर या चार दिवसांचं सांगतो.

पलंग अंगणात काढला. तुमच्या पेटीतला डबा घेतला, निम्मा भरलेला होता. झाकण उघडलं, आणि वास घरात गेला. आत भांड्यांचा आवाज होत होता तो थांबला. मामी लगबगीनं ओसरीत आल्या, पदर सावरत, आणि दारातच थबकल्या. माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. खांबाला धरून खाली बसल्या, आणि चार दिवस तिथंच बसल्या.

मला भीती होती ती ऑइलपेंटची. कोऱ्या लाकडावर लावलेला ऑइलपेंट बारीक छिद्रांत जाऊन बसतो. वरून निघाला तरी लाकडाच्या रेघांत निळ्या सुया राहतात, त्या जन्मात निघत नाहीत. तुम्ही सांगितलेलं केलं. काही लावायच्या आधी खाली काय आहे ते बघितलं. टवका उडालेल्या जागी पात्यानं कड उचलली, आत स्पिरिटची चिंधी दाबली, वर प्लास्टिक टाकलं, अर्धा तास थांबलो. अठरा वर्षांत मी शिकलो असेन तर ते थांबणं.

प्लास्टिक काढलं. कड धरून ओढली. आणि मामा, तो रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा अलगद वर आला. वीतभर, अखंड. खाली सागवान. एकही निळी सुई नाही. तुमचा महिनाभराचा चपडा खाली होता ना, तो विरघळला आणि रंगाला सोडून आला. माझा रंग लाकडाला कधी लागलाच नव्हता. तुमचं पॉलिश अठरा वर्षं मध्ये उभं होतं.

मी तो पापुद्रा हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. सुनंदानं पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी माधवही हाताशी आला. जुन्या लाकडाची गाडी त्यानं आपणहून परत पाठवली होती. पॉलिश पेपर घेऊन पायथ्याची फळी घासायला लागला, भराभरा, आडवा. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, अंगणभर आवाज गेला.

"आरं गाढवा, रेघेनं घास की!"

माधवचा हात जागच्या जागी थांबला. मामींनी खांबापासून मान वर केली. सगळ्यांनी ऐकलं होतं, आवाज माझा नव्हता. माधवनं खाली मान घातली, कागद सरळ धरला आणि रेघेनं घासायला लागला. त्याच्या मनगटावर टपटप पडत होतं. मीही दुसऱ्या टोकाकडून घासत राहिलो.

चौथ्या दिवशी पलंग आडवा केला, भिंतीकडचा, उशाजवळचा पाय तेवढा राहिला होता. त्याची आतली बाजू वर आली. आणि तिथं, निळ्याच्या मधोमध, तळहाताएवढी एक जागा लख्ख होती. रंग काढलेला, कडा पात्यानं सरळ केलेल्या, वर पॉलिश केलेलं. जुनं. त्यात माझा चेहरा दिसत होता.

मी मामींकडं बघितलं. त्या उठून आल्या, वाकल्या, त्या जागेवर हात ठेवला. जागा त्यांच्या तळव्यात मावली.

"तुमी पहिल्या धोंड्याचं जेवून लातूरला गेलात ना," त्या म्हणाल्या, "रंग वाळला तसा त्यायनी हे केलं. घंटाभरात. मला म्हणले, 'निघतुया. आत काई झालेलं न्हाई.' मंग कापूस ठिवून दिला."

"मग सगळा का नाही काढला?"

"म्या बी इचारलं. म्हणले, येतील पुन्हा, बघतील, त्यांला वाईट वाटंल."

"पण पुढं मीच तर म्हणत होतो, काढू या म्हणून. दर वर्षी."

मामी पदरानं नाक पुसत हसल्या. मला वाटतं, तेराव्यानंतर पहिल्यांदाच. "तेच की. एक साली म्या चिडले. म्हणले, जावई येवढं म्हणून राहिले तर काढा की. तर मला म्हणतात कसे, 'येडी हायस का? रंग निघाला की मास्तर माझ्याशी बोलंल काय? पाऊस हाय का म्हणून?'"

मामा, मी खाली बसलो. अंगणात, पेंटच्या पापुद्र्यांवर.

म्हणजे दर दिवाळीला आपण चहा पीत बसायचो तेव्हा ती लख्ख जागा माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीकडं तोंड करून होती. तुम्हाला माहीत होतं की खाली काही बिघडलेलं नाही. मी माफीसाठी झुरत होतो, आणि ती तुम्ही पहिल्याच आठवड्यात, घंटाभरात, देऊन टाकली होती. वर पॉलिशही केलं होतं. फक्त सांगितलं नाहीत. आणि मला वाटायचं, तुम्ही टाळताय. तुम्ही तर मला धरून ठेवत होतात.

चुकलो मामा. बघा, लिहिता तरी आलं.

आता पलंग नांदेडला निघालाय. तीन पाय, उशाची नक्षी, दोन्ही फळ्या, सगळ्यांवर नवा चपडा दिलाय. तुमच्या हाताचा नाही, माझ्या हाताचा, तेव्हा तोंड दिसत नाही, पण कुणीतरी बसलंय एवढं कळतं. वर्तमानपत्र पांघरलं नाही. उशाकडचा तो एक पाय मात्र मी तसाच ठेवला. निळा काढला असता तर तुमची तळहाताएवढी जागा बाकीच्या लाकडात हरवली असती. चारी बाजूंनी माझी चूक आहे, म्हणूनच तुमचा हात तिथं दिसतो.

टेम्पो दारात आला तेव्हा माधवच्या ते लक्षात आलं. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तीन पाय सागवानी अन् एक आस्मानी? फ्लॅटमधले लोक हसतील. घंटाभराचं काम हाय, काढून टाका की."

मामी टेम्पोत पुढं बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली, आणि माझ्याकडं बघून खोकल्या. या खेपेला मला कळलं.

"बघू माधव, पुढल्या दिवाळीला," मी म्हणालो. "निळ्यावर डास बसत नाहीत."